परदेशातला फोन खान्देशात, खान्देशातला फोन परदेशात: घेण्याआधी काय तपासायचं

दुबई, अमेरिका, जपान किंवा हाँगकाँगहून आलेला फोन दिसायला इथल्यासारखाच असतो. मॉडेलचं नाव तेच, रंग तोच, कॅमेरा तोच. पण तो कुठल्या देशासाठी आणि कुठल्या मोबाईल कंपनीसाठी बनवला, यावर त्याच्या आतलं बरंच काही ठरतं. हा फरक लक्षात येईपर्यंत फोन आणणारा पाहुणा परत विमानात बसलेला असतो. म्हणून तपासणी खरेदीच्या आधी करायची, आणि क्रमही बदलायचा. कॅमेरा, रॅम, किंमत नंतर. आधी हा फोन यावल, शिरपूर किंवा धडगावच्या आपल्या घरात बसून कॉल लावेल का आणि घेईल का, ते पाहायचं. इथून शिकायला किंवा कामाला बाहेर जाणाऱ्यालाही हाच प्रश्न उलट बाजूने पडतो.

पहिलं काम: लॉक

आपल्याकडे फोन वेगळा घेतात आणि सिम वेगळं. हप्त्यावर घेतला तरी हप्ते फायनान्स कंपनीचे असतात, सिम कुठलंही चालतं. २०१७ च्या जिओफोनसारखे एकाच कंपनीचं सिम घेणारे फोन इथे अपवाद ठरले. अमेरिकेत मात्र मोबाईल कंपनीच दुकानातून फोन देते, पैसे दर महिन्याच्या बिलात लावते आणि ते फिटेपर्यंत फोन आपल्या नेटवर्कला बांधून ठेवते. अशा फोनमध्ये जिओ किंवा एअरटेलचं सिम टाकलं की "सिम चालणार नाही" असा संदेश येतो. प्रीपेडवर स्वस्तात मिळालेले फोन तर अनेकदा आणखी जास्त काळ बांधलेले असतात.

सगळीकडे असं नाही. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून लॉक केलेले फोन विकता येत नाहीत. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून आणि जपानमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून तशी बंदी आहे. पण हे नियम त्या तारखांनंतर विकलेल्या फोनपुरते. जपानहून आलेला २०१९ चा सेकंडहँड फोन लॉक असू शकतो. म्हणजे विचारताना नुसता देश विचारून भागत नाही. कुठल्या वर्षी घेतला आणि कंपनीच्या दुकानातून घेतला की मोकळ्या बाजारातून, तेही विचारायचं.

आयफोन असेल तर पाठवणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे जायला सांगा. खाली "कॅरिअर लॉक" अशी ओळ असते. तिच्यापुढे "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" लिहिलेलं असेल तर फोन मोकळा आहे. दुसरं काहीही लिहिलेलं असेल तर थांबा. अँड्रॉइडमध्ये खात्रीचा उपाय एकच: दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून कॉल लावून पाहणं. पाठवणाऱ्याने शेजाऱ्याचं सिम दोन मिनिटं मागून घेतलं तरी काम होतं.

लॉक काढायचा अधिकार ज्या कंपनीने लावला तिचाच. खातेदाराने पूर्ण पैसे भरून विनंती केली की ती कंपनी तिच्या बाजूने नोंद बदलते आणि फोन मोकळा होतो. हे काम फोन तिकडे असतानाच, खातेदाराच्या हातून करून घ्या. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर कितीही हुशार कारागीर असला तरी आयफोनचं लॉक त्याला खऱ्या अर्थाने काढता येत नाही, कारण ती नोंद ॲपलच्या सर्व्हरवर असते. सिमखाली बसवायची आर-सिमची पातळ चिप मिळते. ती फोनला फसवते. पण एखादं सॉफ्टवेअर अपडेट आलं किंवा फोन रिसेट केला की सिम पुन्हा बंद पडतं. ज्या फोनला सिमचा ट्रेच नाही, त्यात ती बसवायला जागाही नसते. त्यामुळे "आर-सिमवर मस्त चालतोय" असा सेकंडहँड आयफोन कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

दोन लॉक एकमेकांत मिसळू नका. सिमचं लॉक वेगळं आणि जुन्या मालकाच्या ॲपल किंवा गुगल खात्याचं लॉक वेगळं. दुसरं लॉक काढायला जुन्या मालकाने "फाइंड माय" बंद करून, खात्यातून बाहेर पडून, मगच फोन रिसेट करायला हवा. हप्त्यावर घेतलेल्या काही देशी फोनमध्ये फायनान्स कंपनीचं तिसरं लॉक असतं. हप्ता चुकला की स्क्रीन बंद. जुना फोन घेताना हप्ते पूर्ण झाल्याची पावती मागा.

त्याच वेळी *#०६# दाबून १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर, घ्या आणि खोक्यावरच्या नंबरशी ताडून पाहा. फोन हातात आल्यावर केवायएम, मग एक जागा सोडून तो आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला किंवा नकली नंबराचा फोन असेल तर उत्तरात कळतं. हीच तपासणी सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही होते. आयएमईआय बदलून देणारे भेटतात, पण भारतात तो गुन्हा आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आहे.

बँड: इथेच खरी फसगत होते

प्रत्येक मोबाईल कंपनी ठरावीक लहरींवर चालते आणि त्या लहरींच्या पट्ट्यांना बँड नंबर असतात. फोनमध्ये तो बँड नसेल तर टॉवर समोर असूनही फोनला तो दिसत नाही. भारतात जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं. एअरटेलचं प्रामुख्याने १, ३, ८ आणि ४० वर, व्हीआयचं १, ३, ८ आणि ४१ वर. बीएसएनएलच्या नव्या ४जीसाठी बँड २८ आणि १ लागतात. ५जीसाठी एन ७८ सगळ्यात महत्त्वाचा. जिओला त्याच्या जोडीला एन २८ हवा.

आता अमेरिकेकडे पाहा. तिथे २, ४, १२, १३, ६६ आणि ७१ हे बँड जास्त लागतात, ५जीला एन ४१, एन ७१ आणि एन ७७. महागड्या फोनमध्ये कंपन्या जगभरचे बँड एकत्र घालतात, म्हणून अमेरिकेचा आयफोन या बाबतीत इथे अडत नाही. अडतात ते स्वस्त अँड्रॉइड, जे एखाद्या अमेरिकन कंपनीने फक्त आपल्या ग्राहकांसाठी बनवून घेतलेले असतात. त्यात बँड ४० नसतो, कधी ५ असतो पण ३ नसतो. असा फोन जळगाव शहरात कसाबसा चालतो आणि चोपडा ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याला गेलं की "रेंज नही शे" सुरू होतं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आणि झाडीतून बऱ्यापैकी पार होतात. बँड २८, ५ आणि ८ म्हणजे याच. २३०० मेगाहर्ट्झचा बँड ४० वेगवान असतो, पण त्याचा पल्ला कमी. शहरात टॉवर जवळजवळ असतात, त्यामुळे तिथे वेग देणारा बँड कामाला येतो. तोरणमाळ, अक्राणी, अक्कलकुवा या भागात, किंवा केळीच्या बागेत मधोमध उभं राहून बोलायचं असेल तर खालचा बँडच उपयोगी. मातीच्या जाड भिंतींचं धाब्याचं घर असेल तर आतमध्येही तोच. म्हणून सातपुड्यात राहणाऱ्याने फोन निवडताना २८, ५ आणि ८ हे तिन्ही आहेत का ते पाहावं. ५जीचा आकडा पाहून भुलू नये. तिथे आज ज्याचा कॉल लागतो तोच फोन चांगला.

बँड कसे शोधायचे? मॉडेलच्या नावावरून नाही. खोक्यावर किंवा सेटिंग्जमध्ये मॉडेल नंबर असतो, तो घ्या. एकाच नावाच्या फोनचे चार-पाच मॉडेल नंबर असतात आणि प्रत्येकाचे बँड वेगळे असू शकतात. तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की यादी मिळते. सॅमसंगमध्ये नंबराच्या शेवटी यू असेल तर तो अमेरिकन मोबाईल कंपनीचा, यू१ असेल तर अमेरिकेतला मोकळा, एन असेल तर कोरियाचा, शून्य असेल तर चीन-हाँगकाँगचा. आयफोनच्या पार्ट नंबरात शेवटी एलएल/ए म्हणजे अमेरिका, एचएन/ए म्हणजे भारत, जे/ए म्हणजे जपान, झेडपी/ए म्हणजे हाँगकाँग, सीएच/ए म्हणजे चीन. त्याच नंबरचं पहिलं अक्षर एम असेल तर फोन नवा विकलेला, एफ असेल तर कंपनीने दुरुस्त करून विकलेला, एन असेल तर बदलून दिलेला. "सीलबंद नवा" म्हणून एफ पुढे केला तर तिथेच व्यवहार थांबवा.

नेट चालतं, पण कॉल लागत नाही

बँड सगळे जुळले तरी एक अडचण उरते. ४जीवरून आवाज जाण्यासाठी फोनमध्ये व्होल्टे लागतं, आणि ते त्या मोबाईल कंपनीसाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरू केलेलं असावं लागतं. जिओकडे २जी-३जी नाहीच. त्यामुळे व्होल्टे नसेल तर जिओच्या सिमवर व्हॉट्सॲप चालेल, साधा कॉल लागणार नाही. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलकडे २जी आहे. व्होल्टे नसलेला फोन कॉलच्या वेळी २जीवर उतरतो, बोलणं होतं, पण तेवढा वेळ नेट बंद पडतं. परदेशी अँड्रॉइडमध्ये जिओचं सिम टाकल्यावर व्होल्टेचा पर्यायच दिसत नसेल तर आधी फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करा, मग सिमच्या सेटिंगमध्ये नेटवर्कचा प्रकार ४जी किंवा ५जी निवडून फोन बंद-चालू करा. तरीही तो दिसला नाही तर त्या फोनला जिओ सोडून दुसरं सिम द्यावं. फोनचं सॉफ्टवेअर उलटंपालटं करून घेण्यात बँकेची ॲप बंद पडतात आणि वॉरंटीही जाते.

५जीचंही असंच. भारतात ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं तेव्हा आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनमध्ये सगळे भाग होते, तरी डिसेंबर २०२२ मधलं आयओएस १६.२ अपडेट येईपर्यंत त्यांच्यावर इथलं ५जी लागलं नाही. नुसते बँड असून चालत नाही, कंपनीने ते इथल्या नेटवर्कसाठी उघडावेही लागतात.

उलट दिशेने ही गोष्ट जास्त कडक आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये ३जी बंद झालं. तिथल्या काही कंपन्या आपल्या यादीतल्याच फोनवर कॉल चालू देतात. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी ३जी बंद झालं, आणि जो फोन ४जीवरून ००० या आपत्कालीन नंबरला कॉल करू शकत नाही त्याला नेटवर्कच द्यायचं नाही असा नियम आहे. म्हणजे भुसावळला उत्तम चालणारा, ४जी असलेला फोन मेलबर्नला गेल्यावर पूर्ण बंद होऊ शकतो. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्याने तिथल्या मोबाईल कंपनीच्या साइटवर आयएमईआय टाकून आधीच खात्री करावी. जर्मनीत ३जी २०२१ मध्ये गेलं, पण २जी चालू आहे, त्यामुळे तिथे बोलण्याची अडचण कमी येते.

सिमची जागा

अमेरिकेत विकले जाणारे आयफोन १४ आणि त्यापुढचे सगळे ई-सिमवरच, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या सिमवर, चालतात. त्यांना ट्रेच नाही. २०२५ च्या आयफोन १७ पासून जपान, कॅनडा, मेक्सिको, संयुक्त अरब अमिराती, सौदी, कतार, ओमान, कुवेत आणि बहरीन इथलेही आयफोन तसेच झाले. आखातातून फोन मागवणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावं, कारण आजवर दुबईचा फोन म्हणजे सिमचा ट्रे असलेला फोन असंच गृहीत धरलं जायचं. हाँगकाँगच्या बऱ्याच आयफोनमध्ये मात्र दोन खरी सिमं बसतात. ज्यांना दोन्ही नंबर प्लास्टिकच्या सिमवरच हवेत, त्यांच्यासाठी तो सोयीचा.

ट्रे नसलेला फोन इथे चालतो, पण मग सिम ई-सिममध्ये बदलावं लागतं. त्यासाठी कंपनीला फोनचा ३२ आकडी ईआयडी, म्हणजे ई-सिमचा ओळख नंबर, लागतो. तोही *#०६# दाबल्यावरच दिसतो. ई-सिम सुरू होताच जुनं प्लास्टिकचं सिम मरतं. मग फोन पडला, फुटला, तर सिम काढून शेजारच्या साध्या फोनमध्ये टाकायची सोय राहत नाही. आईवडिलांसाठी किंवा शेतात फोन वापरणाऱ्यासाठी ट्रे असलेलाच फोन घ्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

बारीक पण नडणाऱ्या गोष्टी

चीनमधल्या बाजारासाठीच्या अँड्रॉइड फोनमध्ये गुगलच्या सेवा पूर्ण नसतात आणि भाषांच्या यादीत मराठी सापडत नाही. जपान आणि कोरियाच्या बऱ्याच फोनमध्ये फोटो काढताना शटरचा आवाज येतो, तो सहजासहजी बंद करता येत नाही. अमेरिकेच्या अनेक सॅमसंगमध्ये कंपनीचं कॉल रेकॉर्डिंग नसतं, इथल्यात असतं. सॅमसंगच्या काही खोक्यांवर एक सूचना चिकटवलेली असते: फोन ज्या प्रदेशासाठी आहे तिथल्या सिमवरून आधी एकूण पाच मिनिटांचे कॉल करा, मगच तो बाहेर चालेल. सील फोडायचं नाही म्हणून पाहुणे तसाच खोका घेऊन येतात आणि इथे फोन सिम नाकारतो. तिकडेच खोका उघडून पाच मिनिटं बोलायला सांगा.

वॉरंटीबद्दल: अँड्रॉइड कंपन्यांची वॉरंटी बहुतेक ज्या देशात विक्री त्या देशापुरती असते. जळगावचं सर्व्हिस सेंटर पैसे घेऊनही दुरुस्ती करेलच असं नाही, कारण परदेशी मॉडेलचे सुटे भाग इथे येत नाहीत.

चार्जरची भीती नको. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, जपानात १०० ची आणि आपल्याकडे २३० ची, पण फोनचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात. चार्जरवर तसं छापलेलं वाचून घ्या. फक्त पिनचा आकार वेगळा असतो आणि त्यासाठी साधा अडॅप्टर पुरतो. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला यूएसबी-सी सक्तीचं आहे, त्यामुळे केबलचा प्रश्न तसाही मिटत चालला आहे.

उष्णता मात्र गंभीरपणे घ्या. ॲपल आपला फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरायला सांगते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ च्या घरात जातो. मोटारसायकलच्या हँडलवर उन्हात लावलेला फोन मंदावतो, स्क्रीन अंधारते, चार्जिंग थांबतं. हा फोनचा दोष नाही, बॅटरी वाचवण्यासाठी तो स्वतःहून तसं करतो. अशा वेळी त्याला फ्रिजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं. कव्हर काढून सावलीत पंख्याखाली ठेवा. जुना परदेशी फोन घेताना म्हणूनच बॅटरीची टक्केवारी पाहायची. थंड देशात जेमतेम पुरणारी बॅटरी इथल्या उन्हाळ्यात दुपारीच मान टाकते.

आणि एक सावधगिरी. आखातात थुराया कंपनीचे सॅटेलाइट फोन सहज मिळतात. भारतात परवान्याशिवाय थुराया किंवा इरिडियमचा फोन बाळगणं बेकायदा आहे, विमानतळावर अटकही होऊ शकते. डोंगरात रेंज नाही म्हणून तो मागवू नका.

किमतीची तुलना करताना

अमेरिकेत दुकानातली पाटी करावाचूनची असते, विक्रीकर काउंटरवर वाढतो. युरोप आणि दुबईत कर किमतीतच धरलेला असतो. आपल्याकडे मोबाईलवरचा १८ टक्के जीएसटी छापील किमतीतच असतो. म्हणून डॉलरला रुपयाने गुणून लगेच "तिकडे स्वस्त" म्हणू नका. त्यात कर, इथे न मिळणारी वॉरंटी आणि जुना फोन देऊन मिळणारी इथली सूट धरा. बराचसा फरक तिथेच विरघळतो. फोन कुरिअरने तर मागवूच नका. भेट म्हणून पाठवला तरी आयात शुल्क लागतं आणि लिथियम बॅटरीमुळे पार्सल अडकतं. कुणी येणार असेल तर वापरातला फोन हातात आणणं वेगळं आणि खोक्यातला दुसरा फोन सामानात आणणं वेगळं. खोक्यातला फोन सामानाच्या शुल्कमाफ मर्यादेत मोजला जातो, म्हणून पावती सोबत ठेवायला सांगा.

अमेरिकेतल्या "फुकट फोन"च्या जाहिराती शिकायला गेलेल्या मुलांना भुरळ घालतात. त्यात फोनची किंमत २४ किंवा ३६ महिन्यांत वाटलेली असते आणि दर महिन्याच्या बिलात तेवढी सूट मिळते. मध्येच कंपनी सोडली किंवा भारतात परतलं की उरलेली सूट जाते आणि उरलेली रक्कम एकदम भरावी लागते. तोवर फोन लॉकच. दोन वर्षांच्या शिक्षणाला गेलेल्याने ३६ महिन्यांचा करार करू नये. इथून चालणारा मोकळा फोन नेऊन तिथे प्रीपेड घ्यावं.

तिथल्या कंपन्यांच्या रीती

आपली सवय म्हणजे आधार दाखवायचं, सिम घ्यायचं आणि २८ किंवा ८४ दिवसांचा रिचार्ज मारायचा. अमेरिकेत पोस्टपेडसाठी पत पाहतात, आणि नव्याने गेलेल्याची तिथे पत नसतेच, म्हणून सुरुवात प्रीपेडने. मिनिटांवर चालणाऱ्या स्वस्त प्लॅनमध्ये तिथे आलेल्या कॉलचीही मिनिटं कापली जातात. आपल्याकडे येणारा कॉल फुकट असण्याची सवय २००३ पासून इतकी मुरली आहे की हे कुणी विचारतच नाही. जर्मनीत प्रीपेड सिमलाही पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते. तिथे २४ महिन्यांचे करार पसरलेले आहेत. डिसेंबर २०२१ पासूनच्या कायद्याने पहिली मुदत संपल्यावर एक महिन्याची नोटीस देऊन सुटता येतं, पण मुदतीच्या आत नाही. ब्रिटनमध्ये प्रीपेड सिम ओळखपत्राशिवाय मिळतं.

नवापूरला उभं राहिलं की फोन कधी गुजरातचा टॉवर पकडतो, रावेरच्या पुढे मध्य प्रदेशचा. आता त्याचे जादा पैसे पडत नाहीत. युरोपीय संघातही जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्यात त्याच दरात चालतं. पण स्वित्झर्लंड संघात नाही. दक्षिण जर्मनीत सीमेजवळ शिकणाऱ्या मुलांचा फोन आपोआप स्विस टॉवर पकडतो आणि बिल वाढतं. तिथे डेटा रोमिंग बंदच ठेवावं.

अमिरातीत व्हॉट्सॲपवर संदेश आणि आवाजाच्या क्लिप जातात, पण कॉल अडवलेला असतो. घरच्यांशी बोलायला तिथे परवानगी असलेलं बोटिमसारखं ॲप दोन्ही बाजूंनी टाकावं लागतं. हे निघण्याआधी आईच्या फोनमध्ये टाकून, एकदा लावून दाखवून जावं. व्हीपीएन लावून व्हॉट्सॲप कॉल करायचा सल्ला तिथले सोबती देतात, पण तो तिथल्या कायद्याने गुन्हा ठरू शकतो आणि दंड लाखो दिरहमचा आहे.

इथला नंबर जिवंत ठेवायचा

परदेशी गेलेल्यांची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे बँकेचा ओटीपी. तयारी किमान १५ दिवस आधी सुरू करा. सिम वडिलांच्या नावावर असेल तर आपल्या नावावर करून घ्या. ट्रे नसलेला फोन नेणार असाल तर ई-सिम इथेच करा. सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद राहतात आणि सात दिवस पोर्टिंगचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा, कोड मिळत नाही, म्हणून हे विमानाच्या आदल्या दिवशी करायचं काम नाही. इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या. सहसा रोमिंगवर येणारे एसएमएस फुकट असतात, येणारे कॉल नसतात. तिकडे पोहोचल्यावर भारतीय सिमचा डेटा बंद, सिम चालू, नेट तिथल्या सिमवर. अनोळखी कॉल उचलू नका, मिनिटाला भरपूर पैसे जातात.

ओटीपी येत नसेल तर नेटवर्क निवड "ऑटोमॅटिक"वरून काढून हाताने दुसरी कंपनी निवडा. कधी कधी फोन अशा नेटवर्कवर बसलेला असतो ज्याच्याशी आपल्या कंपनीचा करार नसतो. रिचार्ज संपलेला असला तरी हेच लक्षण दिसतं, म्हणून आधी ते पाहा.

रिचार्जचं काम घरच्यांवर सोपवा, पण तारीख स्वतः लिहून ठेवा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक देणं बंधनकारक केलं आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. परदेशी असलेल्याला आणि बटणाचा फोन वापरणाऱ्या आजीलाही हेच पॅक योग्य. दुकानदार आपणहून ते सुचवत नाही, मागून घ्यावं लागतं. ९० दिवस नंबर अजिबात वापरला नाही आणि खात्यात २० रुपयेही नसतील तर तो बंद होतो. बंद झालेला नंबर आणखी ९० दिवसांनी दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. मग तुमच्या बँकेचे संदेश अनोळखी माणसाच्या फोनवर जातात. नंबर सोडायचाच असेल तर आधी बँक, आधार, पॅन आणि व्हॉट्सॲपमधला नंबर बदला.

एक सोय अनेकांना माहीत नसते. एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठीचं बँक खातं असेल तर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग, अमिराती, सौदी, कतार आणि ओमान इथल्या नंबरावर यूपीआय घेता येतं. बँक ते देते का, हे शाखेत विचारा.

आणि नंबर न बदलता कंपनी बदलायची असेल तर इथे पोर्ट, एक जागा, मग आपला नंबर असा एसएमएस १९०० वर जातो, आणि आलेला कोड चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावेत, पोस्टपेडचं बिल थकलेलं नसावं. ब्रिटनमध्ये पीएसी असा संदेश ६५०७५ वर गेला की ३० दिवस चालणारा कोड लगेच येतो. अमेरिकेत खाते क्रमांक आणि पोर्टचा पिन नव्या कंपनीला द्यावा लागतो. तिन्ही देशांत एक चूक सारखीच होते: नवी कंपनी सुरू होण्याआधी जुनं खातं बंद करणं. तसं केलं की नंबर सुटतो. जुनं सिम फोनमध्ये चालू राहू द्या, नवं लागल्यावर ते आपोआप बंद पडेल.